डावा पाय उचलून गुळण्या

३ जून

मिर्ता सिस्टरने आज ही वही दिली. म्हणाली, "निमिया, रोज लिहायचं. आईने काय खाल्लं, वजन किती, तोंड आतून कसं दिसतंय. बाकी फालतूपणा नको." म्हणून पुढची पानं आईची. वही उलटी केली की मागची पानं माझी, फालतूपणाची. शाळेतही माझं असंच होतं, पुढे गणित, मागे बाईंची चित्रं. मागची बाजू आधी भरायची. सातवीनंतर बाईंनीच हात जोडले.

आईचा पहिला शेक झाला. रेडिएशन म्हणताना तिची जीभ अडखळते, म्हणून ती शेकच म्हणते. असे पस्तीस घ्यायचेत. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. डॉक्टरीणबाईंनी बोट उगारून सांगितलं, मधे खंड नको, खंड पडला की गाठीला दम घ्यायला मिळतो. गाठ जिभेच्या मुळाशी आहे. आईने चाळीस वर्षं जाड चिरूट ओढला. बाजारातल्या सगळ्याच बायका ओढतात.

आईने विचारलं, "मग त्यांना का नाही झालं?"

डॉक्टरीणबाई कागद चाळत बसल्या. मग आईच्या नावाआधी मानाचं 'न्या' लावून म्हणाल्या, "न्या देओलिंदा, तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलून निघेल. तेव्हा पळून जाऊ नका."

"तोंडाचं मला नका सांगू," आई म्हणाली. "अर्ध्या असुन्सिओनची तोंडं मी बरी केलीत."

६ जून

चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा घालून आईला टेबलाला पक्कं करतात, हलू नये म्हणून. सगळ्या पेशंटचे मुखवटे फळीवर ओळीने ठेवलेत, जणू मेलेल्यांची जत्रा. आज मशीनवाला ओस्मार पाणी प्यायला गेला, तेवढ्यात मी आईच्या मुखवट्याला लिपस्टिकने मिशा काढल्या. चांगल्या जनरलसारख्या, वर वळलेल्या.

ओस्मार किंचाळलाच. "हे कुणाचं काम?"

"माझीच कार्टी, दुसरं कोण," आई म्हणाली आणि हसायला लागली. इतकी हसली की पाच मिनिटं तिला पक्कं करता येईना. बाहेरच्या लोकांना वाटलं आत रडारड चाललीय.

११ जून

सकाळी ठेला, अकराला दवाखाना. बाप अर्जेंटिनात बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला, त्यामुळे ठेला आम्हा दोघींचाच. फुटपाथवर एक टेबल, वर पाल्याच्या जुड्या, मधे लाकडाचा खल. लोक थंड पाण्याचा जग घेऊन येतात, काय दुखतं ते सांगतात. आई पाला निवडते, कुटते, त्यांच्या जगात सोडते. मग दिवसभर ते पाणी तेरेरेच्या, म्हणजे गार चहाच्या, शिंगात ओतून नळीने ओढतात. पित्त, मूतखडा, पळालेला नवरा, सगळ्यावर तिच्याकडे काहीतरी आहे.

मला खलाला हात लावायची बंदी. गेल्या वर्षी टॅक्सीवाला अनास्तासियो मला "चपट्या नाकाची" म्हणाला, म्हणून मी त्याच्या जगात सोनामुखी कुटून टाकली होती. बिचाऱ्याने पुलाच्या मधोमध टॅक्सी सोडून धूम ठोकली. सगळा बाजार हसला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "लोक आपल्या हातचं डोळे मिटून पितात, निमिया. त्या मिटलेल्या डोळ्यांवर आपली चूल पेटते."

आज चिपावाली सेफेरिना आली. सकाळभर डोक्यावर टोपली घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकते, माझ्या जन्माआधीपासून आईची मैत्रीण. तेरेरेचं शिंग फिरत होतं. एकच शिंग, एकच नळी, सगळ्यांच्या तोंडातून फिरते. आज आईने ओढून झालं आणि पुढच्या प्रत्येकाला अचानक काम आठवलं. अनास्तासियोला तर भाडंच लागलं, टॅक्सी बंद पडलेली असताना. फक्त सेफेरिनाने आईनंतर नळी तोंडात घातली. पुसलीसुद्धा नाही.

१३ जून

आज धमाल.

शेकाच्या कॉरिडॉरमध्ये दोन-दोन तास बसावं लागतं आणि तिथे प्रत्येकाकडे तोंडाच्या फोडांवर उपाय आहे. एक म्हणते कोरफडीचा गर, दुसरी म्हणते खोबरेल, तिसरी म्हणते मांसानियाची, म्हणजे कॅमोमाइलची, फुलं उकळून गार केलेलं पाणी. एक निळ्या स्कार्फवाली बाई आहे, नवऱ्याला घेऊन येते. नवरा गप्प. ही सगळ्यांचे उपाय लिहून घेते आणि वर नाक मुरडते, "हे तर मला माहीतच होतं."

आई आत गेल्यावर ती माझ्याकडे सरकली. "तू त्या पालेवालीची मुलगी ना? तुम्ही लोक खरं काय ते कधी सांगत नाही. घरचं राखून ठेवता."

मग मी सांगितलं. इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून. "उसाच्या दारूत लवंगा आणि आंबट संत्र्याची साल घालायची. तीन रात्री ठेवायची. शेकाच्या दिवशी सकाळी तीन गुळण्या. पण डावा पाय उचलून. टेकला की गुण गेला."

"डावाच?"

"डावाच. उजवा उचलला तर सगळं लिव्हरवर जातं."

लिहून घेतलं तिने! खाली रेघ मारली! मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात बाही कोंबून हसले. आई शेक घेऊन आली तर म्हणाली, "डोळे का लाल? रडलीस?" म्हटलं हो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढं जरा कसंतरी वाटलं.

१९ जून

सुरू झालं. आईच्या गालाच्या आत पांढरे चट्टे, जिभेची कड कच्च्या मांसासारखी. चिपाचा तुकडा तोंडात घातला आणि परत काढून रुमालात गुंडाळला, मला दिसणार नाही असा. मला दिसला.

मिर्ता सिस्टरने सांगितलं: उकळून गार केलेलं ग्लासभर पाणी, त्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, दर दोन तासांनी खळखळून थुंकायचं. मध चालेल. मांसानियाचं गार पाणी चालेल. दारू, लिंबू, तिखट, चिरूट बंद. "आणि न्या देओलिंदा, याने बरं होणार नाही. सोसवेल, एवढंच."

आई रस्ताभर कुरकुरत होती. "मीठ-सोडा! कढई घासायला देतात तसं."

घरी आल्यावर खलासमोर बसली, हात मांडीवर ठेवून. माझ्या आजीने तिला सांगितलंय, पालेवालीने स्वतःच्या दुखण्याचं स्वतः कुटायचं नाही, लागू पडत नाही, दुसऱ्याच्या हातचं लागतं. आता घरात दुसरा हात म्हणजे माझा. तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग खलाकडे, मग पुन्हा हातांकडे. शेवटी खल माझ्याकडे ढकलला.

मी मांसानियाची फुलं कुटली. "कुटतेस की मारतेस?" आई म्हणाली. "त्या फुलांनी तुझं काय खाल्लंय?"

पाणी गाळून गार केलं. तिने तोंडात धरलं, डोळे मिटून. थुंकल्यावर काहीच बोलली नाही. म्हणजे बरं झालं असणार.

२४ जून

सान हुआनची रात्र. गल्लीत पेटता चेंडू लाथाडत होते, निखाऱ्यांवरून चालत होते. दरवर्षी पेटत्या चेंडूला पहिली लाथ माझी असते. यंदा पोरं हाका मारून गेली, मी गेले नाही. आईला जातेई माशीचा मध बोटाने गालात लावत होते. ही बारकी, न चावणारी माशी. सेफेरिनाच्या भावाने गावाहून वाटीभर पाठवलाय. आता आईचा आवाज पण बसलाय. वहीची पुढची बाजू ओढून घेतली आणि लिहिलं: लोक निखाऱ्यांवर चालून पैजा लावतात. इथे तोंडात घेऊन बसलेय, कुणी टाळ्या वाजवत नाही.

मी टाळ्या वाजवल्या. तिने उशी फेकून मारली. उशी दोन हातसुद्धा लांब गेली नाही.

२७ जून

एकोणिसावा शेक. आई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. पलीकडे दोन बायका बोलत होत्या: चाकोच्या रानात कुणी म्हातारा वैदू आहे, त्याचा उपाय, लवंग आणि दारू, डावा पाय उचलून. एकीच्या दिराचे फोड तीन दिवसांत गायब म्हणे.

आयला! माझा पाय चाकोपर्यंत जाऊन आला, आणि म्हातारा होऊन आला.

खांदा हलून आई जागी होईल म्हणून हसू दाबत होते, पोट दुखायला लागलं. सेफेरिना टोपली घेऊन आत आली होती, ती त्या बायकांपाशी जाऊन काहीतरी विचारत होती. मला वाटलं चिपा विकतेय. उठून सांगावं का, असं एकदा मनात आलं. पण आई झोपली होती. आणि खरं सांगायचं तर मजा येत होती.

२ जुलै

सकाळी भांडी घासायला मागे गेले. आई अंगणात उभी होती. एका हाताने पेरूच्या झाडाला धरलेलं. डावा पाय वर. पायाखाली सपात पडलेली. तोंड फुगलेलं, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि ती बोटांवर मोजतेय. दोन.

मी ओरडले, "थुंक! आई, थुंक!"

तिने हाताने थांब केलं. पूर्ण मोजलं. तीन. मग थुंकली. लाल.

पाय खाली ठेवला तो नीट, हळूच.

आज शेक नाही. तोंड उघडताच येत नाही.

५ जुलै

नाकातून नळी घातलीय. पातळ पेज तीतून जाते. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "काय लावलंत? कुणी सांगितलं?" आईने मान हलवली. कुणी नाही.

सेफेरिना फाटकाशी टोपली सोडून रडत होती. "मीच दिली बाटली. मी साल सोलली, मी लवंगा घातल्या. ती लिहून म्हणाली, सिस्टरने दारू नको सांगितलंय. मी म्हटलं, अगं, पहिल्या ऑगस्टला औषध म्हणून आपण सगळे दारू पितोच की, त्याने कोण मेलं? दुसऱ्याच्या हातचं लागतं, मैत्रिणीच्या हातचं तर लागायलाच हवं. निमिया, कुठल्या मेल्याने काढलं असेल गं हे? सापडला ना, तर तापल्या तव्यावर उभा करीन."

मी म्हटलं, "कोण जाणे."

वहीत तरी खरं लिहिते. मी काढलं. मी, निमिया, तेरा जूनला, एका बाईच्या नाकाचा राग आला म्हणून. पाय तर उगाच घातला, हसायला. लवंग आणि दारू खरी वाटावी म्हणून घातली, आईच्या ठेल्यावर बसून एवढं तर शिकले होते. आता सांगितलं तर सेफेरिना तोंड बघणार नाही. आणि आई मेली तर मी मारली. हे लिहिलं तरी काही हलकं वाटत नाहीये.

१० जुलै

सात शेक बुडाले. मिर्ता सिस्टर रोज बोटांवर बुडालेले मोजते आणि मी बघितलं की हात खिशात घालते. वजन सहा किलो कमी.

मी दर दोन तासांनी मीठ-सोड्याचं पाणी देते. मांसानिया कुटते, गाळते, गार करते. रात्री मध लावते. आई विरोध करत नाही, लहान मुलासारखी तोंड उघडते. वही दिवसभर तिच्यापाशी असते, काय हवं ते पुढच्या बाजूला लिहिते. पाणी. उशी. दार लाव.

आज लिहिलं: डावाच पाय का?

म्हटलं, "मला काय माहीत. त्या चाकोच्या म्हाताऱ्याला विचार."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिल ठेवली आणि भिंतीकडे वळली.

आत्ता बघितलं तर या मागच्या बाजूला, पाच तारखेच्या पानावर, मधाचा डाग पडलाय. बोटाएवढा. मी इतकी घाणेरडी लिहिते? आधी हात धुवायला हवेत.

१५ जुलै

पुन्हा सुरू. बाविसावा. नऊ बुडाले. जुना मुखवटा सैल झाला, चेहरा आत खडखडतो, म्हणून नवा केला. ओस्मारने जुना माझ्या हातात दिला. मिशांचा लाल अजून थोडा राहिलाय.

"नव्यावर काढणार नाहीस?" त्याने विचारलं.

म्हटलं, लिपस्टिक संपली.

डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठलं. "नऊ दिवसांनी किती बिघडलं?" त्या म्हणाल्या, "ते मोजायचं माप नसतं, पोरी. तीन महिन्यांनी फोटो काढू." जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "गळ्याला डाव्या बाजूला एक बारीकसं काहीतरी हाताला लागतंय. बघू." बघू म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

३० जुलै

ठेल्यावर झुंबड. पहिल्या ऑगस्टची तयारी. दारूत सताप आणि लिंबू घालून सकाळी उपाशीपोटी तीन घोट घ्यायचे, म्हणजे ऑगस्ट पार पडतो. ऑगस्ट हा वाईट महिना, इकडची थंडी तेव्हा जाता जाता आजारी माणसाला बरोबर नेते. आईच्या हातची बाटली घ्यायला लोक पलीकडच्या वस्तीतून येतात. यंदा सताप मी चुरगळला. आई खुर्चीत, शालीत गुंडाळून बसून बघत होती. एक जुडी जास्त घातली तर तिने काठीने माझ्या घोट्यावर टक केलं.

१ ऑगस्ट

आज पस्तिसावा. म्हणजे संपले. पण त्याआधी सकाळचं लिहिते, नाहीतर पुन्हा लिहायची हिंमत होणार नाही.

सहालाच रांग. सेफेरिना बाटल्या देत होती, मी खलावर, आई खुर्चीत. अनास्तासियो तीन घोट घेऊन म्हणाला, "हिने कुटलंय ना? मग आज टॅक्सी घराजवळच ठेवतो." सगळे हसले. मी पण.

मग निळा स्कार्फ आला. आज स्कार्फ कसातरीच बांधलेला होता. डोळे सुजलेले. मला ओळखलं की नाही देव जाणे, सरळ आईपाशी गेली. "न्या देओलिंदा, नवऱ्याचे शेक आठवड्यापूर्वी संपले तरी तोंड भरत नाहीये. थेंब गिळत नाहीत. माझ्याकडची लवंगेची बाटली संपली. ती पाय उचलून करायची. तुमच्याकडची ताजी द्या. माझ्या हातची लागू पडत नाही बहुतेक, माझंच काहीतरी चुकतंय. त्यांचा पाय टेकतो हो. उभंच राहवत नाही त्यांना. मी धरते तरी टेकतो."

सेफेरिना ओरडली, "अहो बाई, टाका ती! तिनेच तर—" आणि आईकडे बोट केलं.

मी आईकडे बघितलं. आई त्या बाईकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. केव्हाची बघत असावी. राग नाही, काही नाही. चूल पेटली का बघतात, तसं.

मी म्हटलं, "त्यांचं काही चुकत नाही. पायाने काही होत नाही. तो उपाय खोटा आहे. मी बनवला. तुम्हालाच सांगितला, त्या कॉरिडॉरमध्ये. चेष्टा केली."

मला वाटलं, स्कार्फवाली मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी त्यांना रोज ओरडत होते. पाय वर ठेवा, पाय वर ठेवा म्हणून." आणि फुटपाथवरच खाली बसली.

सेफेरिनाने हातातली बाटली टेबलावर ठेवली. "तू?" म्हणाली. "मी रडत होते तेव्हा तू 'कोण जाणे' म्हणालीस." टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मागे बघितलं नाही.

तेवढ्यात टक टक झालं. आई काठीने खलावर मारत होती. महिना झाला तिचा आवाज मी ऐकला नव्हता. आज ऐकला, जुनं फडकं फाटावं तसा.

"कूट हिच्यासाठी," ती म्हणाली. "मांसानिया. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून."

मी कुटली. निम्मी फुलं बाहेर उडाली, पण आई एकदाही कुरकुरली नाही. मीठ-सोड्याचं प्रमाण कागदावर लिहून दिलं, जातेईचा उरलेला मध बांधून दिला. म्हटलं, "याने बरं होणार नाही. सोसवेल. दारू-लवंग थांबवा, आणि आजच मिर्ता सिस्टरला तोंड दाखवा. आणि त्यांना झोपू द्या." बाईने पुडी घेतली. डोळे मात्र मिटले नाहीत, माझ्या हातांकडे बघतच गेली.

आईला कसं कळलं होतं कुणास ठाऊक. मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं, या वहीशिवाय.

रांग निम्मी झाली. उरलेल्यांना बाटल्या दिल्यावर मी माझे तीन घोट घेतले, डोळे मिटून. उघडले तर आई तिचा पेला माझ्यापुढे धरून बसलेली. दरवर्षीचा तिचा छोटा पेला, काठोकाठ. तिने स्वतः भरला होता. तिला तर दारू बंद, लिंबू बंद.

म्हटलं, "हे कुणाला?"

तिने पेला माझ्या ओठांना लावला.

"अगं, तुझे घोट मला कशाला? मग तुझा ऑगस्ट?"

ती पेला तिरका करत राहिली, मी गिळेपर्यंत. एक. दोन. बोटांवर मोजलं तिने. तीन.